सुटणारा गिअर : हाताने धरून किती दिवस?



या अंकातला अभ्यास एका लोखंडी दांड्याविषयी आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मंडळ्यांकडे, दवाखान्यांकडे किंवा शेतावर जुनी फोर-व्हील जीप असेल. तिच्या मोठ्या गिअरच्या शेजारी जो छोटा दांडा असतो, त्याने पुढची चाके जोडली जातात आणि घाटासाठी 'लो' लावता येतो. हा दांडा चालत्या गाडीत आपोआप सुटू लागला तर काय करावे, हे मी फार उशिरा शिकले. तुम्हाला तसा उशीर होऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

काय घडले

आमची जीप सारंगखेड्याला उभी असते. इथे तापीकाठी जमीन सपाट आहे. शहाद्यापर्यंत डांबरी रस्ता चांगला आहे, तिथवर फोर-व्हीलची आठवणही येत नाही. पण सातपुड्यात शिरून धडगावच्या वरच्या पाड्यांकडे निघालो की पावसाळ्यात मुरूम वाहून गेलेला असतो, ओहोळ रस्त्यावर आलेले असतात आणि लो गिअरशिवाय गाडी चढत नाही. उतरताना तर लोची गरज चढताना लागते त्याहून जास्त असते.

जून महिन्यात आमच्या चालकदादांनी गाडीच्या वहीत लिहिले : "लो मध्ये गिअर सुटतो." मी ती नोंद वाचली आणि सही केली. जुलैत त्यांनी पुन्हा लिहिले. मी विचारले, "दादा, गाडी चालते ना?" ते म्हणाले, "चालते ताई, पण दांडा धरून ठेवावा लागतो." मधल्या सीटवर बहुतेक वेळा मीच बसते. मी म्हटले, "मग मी धरते की!" आणि खरोखरच पुढचा दीड महिना प्रत्येक घाटात मी तो दांडा हाताने दाबून धरत असे. हात दुखू लागला तेव्हा आम्ही रबरी ट्यूबची पट्टी कापून दांडा सीटच्या पायाला बांधला. आपण केवढी युक्ती केली असे मला वाटले होते.

ऑगस्टमध्ये एका पाड्यावरून दिवस भरलेल्या एका बहिणीला घेऊन आम्ही उतरत होतो. मागे तिची सासू आणि दीर होते. पाऊस थांबला होता, रस्ता मात्र निसरडा होता. एका खड्ड्यात चाक आपटले, पट्टी तुटली आणि दांडा सुटून न्यूट्रलला आला. इंजिनचा आवाज एकदम हलका झाला आणि गाडी स्वतःच्या वजनाने धावू लागली. मी दांड्याकडे झेपावले. दादा ओरडले, "ताई, हात काढा!" त्यांनी पायाचा ब्रेक दाबत-सोडत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि गाडी चारीत टेकवली. कोणालाही इजा झाली नाही. मागून आलेल्या दुसऱ्या जीपने त्या बहिणीला पुढे नेले आणि रात्री बाळ सुखरूप जन्मले. देवाचे उपकार मानले. पण परत येताना मी कोणाशी बोलू शकले नाही. वहीतल्या त्या दोन नोंदींखाली माझीच सही होती.

हा दांडा नेमके काय करतो

इंजिनची ताकद आधी मोठ्या गिअरपेटीत जाते. फोर-व्हील गाडीत त्या पेटीच्या मागे आणखी एक छोटी पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिथून एक शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो आणि एक पुढच्या. 'हाय'मध्ये ताकद आहे तशी पुढे जाते. 'लो'मध्ये गती कमी होऊन जोर वाढतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये लोचे हे प्रमाण १.९७ होते. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये ते २.४३ झाले, म्हणजे चाकांवरचा जोर जवळजवळ अडीच पट. याच जातीच्या जीप १९४० च्या दशकाअखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत जुळवायला सुरुवात केली आणि पुढे खेडोपाडी हीच रचना पोचली. आमची गाडी कोणत्या कंपनीची आहे हे मी लिहीत नाही, कारण हा दोष कंपनीचा नव्हता. गाडीच्या वयाचा होता आणि आमच्या हलगर्जीपणाचा होता.

पेटीच्या आत दांडा एका रॉडला सरकवतो. रॉडवर दोन बोटांचा फोर्क बसवलेला असतो. तो फोर्क फिरत्या गिअरच्या खाचेत अडकलेला असतो आणि गिअरला पुढे-मागे सरकवून दुसऱ्या गिअरच्या दात्यांत बसवतो. रॉडवर छोटे खळगे असतात. स्प्रिंगने दाबलेली एक पोलादी गोळी त्या खळग्यात पडते आणि रॉडला जागेवर रोखते. दांडा टाकल्यावर हाताला जो 'टक्' जाणवतो तो याच गोळीचा असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. गाडीचा सगळा भार ही गोळी पेलत नाही. भार पेलतात दाते. दाते पूर्ण रुंदीने एकमेकांत बसले असतील तर ते आपोआप जागेवर राहतात, गोळी फक्त राखण करते. पण दाते अर्धेच बसले असतील, किंवा झिजून टोकाला निमुळते झाले असतील, तर भार आला की ते एकमेकांना बाहेर ढकलतात. मग ती छोटी गोळी किती वेळ अडवणार?

हाताने धरल्याने काय बिघडते

मला वाटत होते की दांडा धरून मी गिअरला मदत करत आहे. शहाद्याच्या गॅरेजमधल्या चाचांनी माझा हा समज दूर केला. एरवी फोर्कची बोटे फिरत्या गिअरच्या खाचेत मोकळी, तेलात तरंगल्यासारखी असतात. गिअर बसल्यावर त्यांचे काम संपते. मी मात्र दांडा दाबून धरत होते, म्हणजे ती बोटे घाटभर फिरत्या गिअरवर घासत होते. बोटे झिजली की फोर्क गिअरला पूर्ण आत ढकलू शकत नाही. गिअर आणखी अर्धवट बसतो, आणखी जोराने सुटतो, आणि आपण आणखी जोराने धरतो. बांधलेली रबरी पट्टी तर कधी थकतच नाही, ती दिवसभर घासत राहते.

चाचा म्हणाले, "ताई, जूनमध्ये आणली असती तर बाहेरच्या बाहेर काम झाले असते."

आधी प्रश्न, मग पाना

आमच्या सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा तुम्हाला माहीत आहे. दत्तजयंतीला लांबलांबून घोडे येतात. जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दात बघून वय ओळखतो, पण त्याआधी घोडा चालवून बघतो. गाडीचेही तसेच आहे. पेटी उघडून दाते बघण्याआधी गाडी चालताना काय होते ते नीट विचारावे. चाचांनी आम्हाला चार प्रश्न विचारले. ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत.

१. गिअर कोणता सुटतो : हाय, लो, की फक्त पुढच्या चाकांची जोडणी? एकच सुटत असेल तर त्याच गिअरचे दाते, खळगा किंवा तिथवरची दांड्याची पोच तपासायची.

२. चढताना सुटतो की उतरताना? ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच सुटत असेल तर भाराची दिशा उलटते त्या क्षणी दाते सरकतात. निमुळते दाते आणि सैल बेअरिंग यांची ही खूण आहे.

३. खड्ड्यात आपटल्यावरच सुटतो का? तसे असेल तर बाहेर बघायचे. सैल बोल्ट, फाटलेले माउंटिंग रबर किंवा कुठेतरी टेकणारा दांडा सापडण्याची शक्यता मोठी.

४. दांडा टाकताना शेवटचा 'टक्' लागतो का? लागत नसेल तर गिअर पूर्ण बसतच नाही.

तपासणीचा क्रम

बाहेरून आत जायचे, स्वस्तातून महागाकडे जायचे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद ठेवावे आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. खाली जाणाऱ्याने नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये. जड ठोकळे किंवा स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली कोणीही शिरू नये.

पहिले : दांड्याला जागा आहे का? फ्लोअरवरची मॅट काढा, दांड्याभोवतीचा रबरी बूट वर करा, साचलेला चिखल खरवडा. एकाने दांडा प्रत्येक जागी टाकावा आणि दुसऱ्याने बघावे की तो पत्र्याला, मॅटला किंवा सीटला टेकतो का. काही गाड्यांत दांडा थेट पेटीवर बसतो, काहींत मधे जोडसळई असते. सळई असेल तर ती सोडून पेटीवरचा हात थेट हलवून बघा. दांड्याने जेवढा जात होता त्यापेक्षा तो पुढे गेला आणि तिथे 'टक्' लागला, तर सळईची लांबी जुळवायची आहे किंवा तिचे बुश घासले आहेत. पेटीला हात लावायची गरज नाही.

दुसरे : पेटी हलते का? ट्रान्सफर केसचे बोल्ट आवळून बघा. इंजिनचे आणि गिअरपेटीचे माउंटिंग रबर फाटलेले, तेलाने फुगलेले आहेत का पाहा. भार आल्यावर पेटी एका बाजूला झुकते. दांडा फ्लोअरच्या भोकाच्या कडेला टेकत असेल तर पेटी हलली की कडाच त्याला ढकलून बाहेर काढते.

तिसरे : तेल काय सांगते? गिअर ऑइलची पातळी बघा आणि थोडे काढून फडक्यावर पसरा. बारीक काळसर गाळ वयामुळे असतो. बोटाला टोचणारे चमकते कण सापडले तर आत काहीतरी तुटत आहे, अशी गाडी डोंगरात नेऊ नये.

चौथे : गोळी आणि स्प्रिंग. पेटीवर रॉडजवळच्या प्लगखाली त्या असतात. स्प्रिंग तुटलेली किंवा दबलेली असेल, गोळी गंजली असेल तर दोन्ही बदलाव्यात. इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे स्प्रिंगखाली वायसर घालून तिला कडक करणे. दांडा जड होतो, दोन दिवस बरे वाटते, पण अर्धवट बसलेला गिअर अर्धवटच राहतो. दुसरी चूक धोक्याची आहे. दोन दांड्यांच्या जुन्या विलीस जीपमध्ये दोन रॉडच्या मधे एक छोटी पिन असते. पुढची चाके जोडल्याशिवाय लो लागू नये यासाठी ती असते, कारण लोचा सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येऊ नये. काम करताना ती पडते आणि सापडत नाही म्हणून तशीच गाडी जोडून देतात. तसे होऊ देऊ नका.

पाचवे : पेटी उघडणे. वरच्या चारही गोष्टी ठीक असतील, किंवा ठीक करूनही गिअर सुटत असेल, तरच इथे यावे, आणि हे काम जाणत्या मिस्तरीकडेच द्यावे. त्यांच्याशेजारी उभे राहून मात्र बघावे. फोर्कची बोटे झिजली किंवा वाकली आहेत का? फोर्कला रॉडवर धरणारा स्क्रू सैल आहे का? रॉडवरचे खळगे गोल होऊन उथळ झाले आहेत का? दात्यांच्या कडा निमुळत्या झाल्या आहेत का? आणि शाफ्ट पुढे-मागे किती खेळतो? विलीस जातीच्या पेटीत मागच्या शाफ्टचा हा खेळ इंचाच्या चार ते आठ हजारांशात ठेवतात, त्यासाठी पातळ शिम घालतात. खेळ वाढला की गिअर स्वतःच सरकू लागतो. झिजलेल्या गिअरचा जोडीदारही बदलावा. नव्या दात्यांची जुन्याशी जोडी फार दिवस टिकत नाही.

आमच्या गाडीत काय सापडले

सुरुवात माझ्यापासूनच झाली होती. पावसाळ्याआधी गाडीत चिखल होतो म्हणून मी बाजारातून जाड रबरी मॅट आणून घातली होती. आमच्या गाडीत एकच दांडा आहे आणि लोची जागा न्यूट्रलच्या पलीकडे, शेवटी आहे. मॅटच्या जाडीमुळे दांडा तिथवर पूर्ण जातच नव्हता, बोटभर आधी अडत होता. जूनमध्ये दोष एवढाच होता. एक कात्री पुरली असती.

ऑगस्टपर्यंत अर्धवट बसलेल्या दात्यांच्या कडा गोल झाल्या आणि माझ्या हाताने फोर्कची बोटे खाल्ली. पहिल्यांदा आम्ही दुसऱ्या एका गॅरेजमध्ये फक्त स्प्रिंग आणि गोळी बदलून घेतली. काही फेऱ्या बऱ्या गेल्या, मग पुन्हा तेच. चाचांनी मॅट कापली, सळई जुळवली, तरी उतारावर लो सुटतच होता. शेवटी पेटी उतरवून फोर्क, लोच्या गिअरची जोडी, बेअरिंग आणि सील बदलावे लागले. गाडी बरेच दिवस गॅरेजमध्ये होती. तेवढे दिवस वरच्या पाड्यांवर आमचे शिबिर झाले नाही.

रस्त्यात सुटला तर

दुरुस्ती होईपर्यंत गाडी घाटात नेऊच नये. तरीही कधी सुटला तर दांड्याकडे झेपावू नका, मी केली ती चूक होती. चालत्या गाडीत लो पुन्हा घालता येत नाही, दाते नुसते कडकडतात, आणि चालकाचे लक्ष विचलित होते. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असताना मोठा गिअर पहिल्यावर टाकूनही काही उपयोग नाही, कारण इंजिन आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असतो. अशा वेळी पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक, आणि गाडी डोंगराच्या बाजूला. जुन्या विलीस जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो, म्हणून न्यूट्रलमध्येही तो लागतो. याच कारणाने उतारावर गाडी 'गिअरमध्ये' उभी करून निर्धास्त होऊ नये. छोटा दांडा न्यूट्रलला सरकला तर मोठा गिअर तिला धरणार नाही. चाकाला दगड लावावाच.

आणखी एक सवय. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून चालवू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. मातीत चाक थोडे घसरून तो ताण सुटतो, डांबरावर तो शाफ्टमध्ये साठत जातो. मग दांडा निघत नाही आणि लोक त्याला हातोडीने ठोकतात. त्याऐवजी गाडी थोडी सरळ मागे घ्यावी, ताण सुटतो आणि दांडा सहज येतो. चारही टायर एकाच मापाचे असावेत, नाहीतर सरळ रस्त्यावरही हाच ताण येतो.

वहीतला धडा

गाडी परत आली त्या दिवशी मी जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या. दादांनी आपले काम चोख केले होते. दोष दिसला, त्यांनी लिहिला. मी सही केली आणि वाटले की माझेही काम झाले. आपल्या मंडळीत आपण कारभारीपणाविषयी पुष्कळ बोलतो, बहुधा पैशाच्या संदर्भात. मी पैसे वाचवत होते हे खरे. पण दुसऱ्याच्या जिवाच्या बाजूने हिशेब केला नव्हता. घाटात जाण्याआधी आम्ही नेहमी प्रार्थना करतो. आता प्रार्थनेआधी दादा विचारतात, "ताई, वही बघितली?"

आता आमचा नियम साधा आहे. गाडीच्या वहीत दोषाची नोंद झाली की समोर तीन गोष्टी लिहायच्या : कोणी बघितले, काय सापडले, कधी दुरुस्त झाले. तिसरा रकाना रिकामा असेल तर गाडी शहाद्याच्या पुढे जात नाही. आणि 'चालते ना?' हा प्रश्न आम्ही विचारणे सोडले आहे.

मनन व चर्चेसाठी

१. तुमच्या मंडळीच्या किंवा संस्थेच्या गाडीची वही आहे का? तिच्यातली शेवटची नोंद कोणी वाचली?

२. चालक, स्वयंपाकीण, वसतिगृहातली मावशी यांनी सांगितलेला कोणता दोष तुम्ही 'चालते आहे' म्हणून पुढे ढकलला आहे?

३. तुमच्या कामात अशी कोणती गोष्ट आहे जी दुरुस्त न करता कोणीतरी रोज हाताने धरून ठेवत आहे? तो हात कोणाचा आहे?

४. या आठवड्यात एक जण चालकासोबत गाडीजवळ उभा राहून वरची पहिली तपासणी करा. मॅट उचला आणि दांडा शेवटपर्यंत जातो का ते बघा.